मोकळी ठेवलेली जागा

संघमित्राने बोलावलेल्या सर्व्हेवाल्याने हद्दीची शेवटची गुलाबी झेंडी थेट श्रीरामच्या अंजिरापलीकडे रोवली, तेव्हा श्रीरामच्या हातातला चहाचा मग तोंडापर्यंत जाता जाता थांबला. अलीकडे उभी असलेली ती मात्र जागची हलली नाही.

वसंतातल्या गारपिटीत तिचं कुंपण आडवं झालं होतं. नवं घालायचं ते जुन्याच रेषेवर, हे श्रीरामने परस्पर ठरवून टाकलं होतं. तसा टेक्सासमधल्या फ्रिस्कोतला हा शेजारी वाईट नव्हता. मावशी मावशी करत दिवाळीला चकल्या पाठवायचा. पण कुंपणापलीकडची जागा कुणी वर्षानुवर्षं वापरली आणि मालक गप्प बसला, तर ती वापरणाऱ्याची होऊ शकते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते त्याने तिला अगदी गोडीत ऐकवलं, म्हणून जास्तच झोंबलं.

"मावशी, फेन्स काकांनीच घातली ना? मग लाइन त्यांनीच फिक्स केली. दीड फुटासाठी कशाला इश्यू करायचा?"

तिच्या नवऱ्याने, लहूनेच घातली होती. गावी त्याच्या वडिलांच्या तुकड्याचा बांध शेजारी दर पेरणीला कोरायचा, आणि चावडीवर चोर ठरायचे ते वडीलच. म्हणून स्वतःचं घर झाल्यावर लहूने कुंपण हद्दीच्या दीड फूट आत घेतलं. कुणाची वीतभर जागा नको आणि कुणाचा शब्दही नको. इथे त्या सभ्यतेला कुणी सोडून दिलेला हक्क समजेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लहू तर ते कळायच्या आधीच गेला.

लेक उपासना फोनवर म्हणाली, "आई, इट्स जस्ट ग्रास. लेट इट गो." डायलिसिस सेंटरमध्ये नर्स म्हणून संघमित्राचा जन्म लोकांचं ऐकून घेण्यातच गेला होता. हे मात्र ती ऐकून घेणार नव्हती. नवऱ्याचा चांगुलपणा असा फुकटात खपावा, याची तिला चीड आली होती.

"श्रीराम," ती झेंड्यांकडे बघत म्हणाली, "भांडण नको म्हणून त्यांनी ती जागा मोकळी ठेवली होती. कुणाला दिली नव्हती. फेन्स याच लाइनवर येणार. तुझं झाड आत्ता हलवलंस तर मरेल. थंडी पडेपर्यंत मी थांबते."

डिसेंबरात श्रीरामने अंजीर हलवलं.

मग कामगार आले. जुने खांब एकेक करून निघाले, पण कोपऱ्यातला शेवटचा काही केल्या हलेना. लहूने खड्ड्यात सिमेंट हात सैल सोडून ओतलं होतं. मुकादमाने हातानेच खूण करून विचारलं, जमिनीलगत कापू का? संघमित्राने मान डोलावली आणि करवत चालू झाल्यावर ती घरात निघून गेली.

संध्याकाळी नवं कुंपण झेंड्यांच्या रेषेवर ताठ उभं होतं. ती चप्पल घालून मागच्या अंगणात आली. खांबाचा खुंट आणि नव्या फळ्या यांच्या मधल्या गवतात आजवर तिने पाऊल ठेवलं नव्हतं. तिथे जाऊन ती उभी राहिली. जागा जेमतेम एका माणसापुरती होती.