न दाखवलेली बाटली

रेस्टॉरंटात वाइन वाढायचं काम मी बावीस वर्षं करतोय. त्यातला एक नियम कधी मोडला नव्हता. आधी बाटली पाहुण्याला दाखवायची, त्याने लेबल वाचलं की बूच काढायचं, घोटभर ओतायची आणि त्याने मान डोलावली की मगच पुढे जायचं. मान डोलावणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, तो भाग वेगळा.

नियम मोडला तो दादासाठी, माझ्या सख्ख्या थोरल्या भावासाठी.

दादाला दारू सोडून दहा महिने अठरा दिवस झाले होते. त्याच्या मुलीने स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, एक वर्ष थेंबही न घेता काढा, मग आमच्याकडे राहायला या. मधे एकदा जरी घेतलीत तरी विषय संपला." नातीजवळ राहायला मिळणार म्हणून हा वेडा आत्तापासूनच बॅग भरून बसला होता.

या पुतणीच्याच वाढदिवसाचं दुपारचं जेवण आमच्या रेस्टॉरंटात ठरलं. तिच्या सासरचे सगळे वाइन घेणार आणि दादा एकटा पाणी पीत बसणार, हे मला बघवलं नसतं. त्याला म्हटलं, "तू काळजी करू नकोस, मी बघतो सगळं." काय बघणार ते सांगितलं नाही. पुतणीच्या कानावर घातलं, त्याला मात्र नाही. म्हटलं, गंमत करू.

बिनदारूच्या रेड वाइनच्या सात बाटल्या चाखल्या. सहा तर निव्वळ सरबतं. सातवीचा वास छान होता, पण दारू काढली की वाइनमधली पकडच जाते, जिभेवर तुरटपणा राहत नाही. मी तिच्यात कोऱ्या चहाचं गार पाणी दोन चमचे घातलं, जरा थंड केली आणि काचेच्या सुरईत ओतली. बाटली आतच ठेवली. आचाऱ्याला घोट दिला, तर तो म्हणाला, "झकास! कुठली आहे?" मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बाकीच्यांची वाइनही तशाच सुरईत होती. दादाच्या ग्लासात ओतली तेव्हा त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळा मिचकावला. त्याने घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. मला वाटलं, खूश झाला. मी आणखी ओतली. पुतणी त्याच्याकडे बघून हसली, तसा तो ताटात बघत राहिला.

जेवण झाल्यावर "चालत जातो" म्हणून निघाला. चष्मा टेबलावरच विसरला. तो द्यायला पुतणी संध्याकाळी गेली, तर हा जिन्यात पडलेला, अंगाला दारूचा भपकारा.

सकाळी रिकामी बाटली घेऊन मी त्याच्याकडे निघालो. वाटेत पुतणीला फोन करून झालं ते समजावायला लागलो. ती म्हणाली, "काका, तुम्ही वाढलेली खोटी होती, ते मला माहीतच होतं. नंतर प्यायले ती तर खरी होती ना?" आणि फोन ठेवला.

दादा पलंगावर बसला होता. मी भडकलोच. "अरे, काय केलंस हे? काल दिली ती बिनदारूची होती!"

त्याने चष्मा लावून लेबलावर बोट फिरवलं. दोनदा वाचलं.

"छातीत ऊब आली होती रे मला," तो म्हणाला. "वाटलं, झालं, मोडलं. पोरगी समोर हसतेय आणि मी तिला फसवतोय. मग कशाला थांबायचं?"

"मी तुला दारू देईन असं वाटलंच कसं?"

"तू ओततोयस म्हटल्यावर वाटलं, आज चालत असेल." बाटली माझ्या हातात परत देत त्याने विचारलं, "सगळ्यांना दाखवतोस ना बाटली? मग मलाच का नाही दाखवलीस?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझंच चुकलं होतं, आणि ते आता भरून निघणार नव्हतं. तो उठला, कोपऱ्यातली बॅग पलंगावर ठेवली आणि एकेक कपडा काढून कपाटात लावू लागला. तळाशी नातीसाठी घेतलेला छोटा स्वेटर निघाला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.