सतरावा इंट्रॉन

प्राध्यापक रौदांनी प्रबंध टेबलावर असा आपटला की कॉफीची बशी वाजली.

"बेचाळीस! आमचं आयुष्य या यीस्टमध्ये गेलं, आणि तुला चार महिन्यांत बेचाळीस नवे इंट्रॉन? स्फॅक्सच्या मासळीबाजारात बोली लावतोयस का?"

"मॅडम, संगणकाने—"

"संगणकाला काय, शिकवाल ते बोलतो."

लस्साद त्यांचा विद्यार्थी होता. आज प्रबंधावर त्यांची सही मिळाली नाही तर त्याचं वर्ष फुकट जाणार होतं, आणि ते रौदांनाही ठाऊक होतं. या यीस्टने रक्तात शिरून कितीतरी माणसं मारली होती. पण रौदांना चीड होती ती या पोरट्यांची. इंट्रॉन म्हणजे जनुकात मध्येच घुसलेला तुकडा, वापरायच्या प्रतीतून पेशी तो कापून टाकते, एवढं पाठ केलं की झाले शास्त्रज्ञ!

त्यांनी यादीतला सतरावा निवडला. तो ज्या जनुकात दाखवला होता ते अखंड आहे, त्यात इंट्रॉन नाही, हे त्यांनीच तेवीस वर्षांपूर्वी छापलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या तेव्हापासूनच्या मदतनीस बाईला हाक मारली.

"मब्रूका, हे तपास. मूळ डीएनए आणि पेशीने वापरलेली प्रत, शेजारी शेजारी. दोन्ही सारख्याच लांबीच्या निघतील. म्हणजे याची हौस फिटेल."

दुपारी मब्रूकाने दोन्हींच्या पट्ट्यांचा फोटो आणून ठेवला. वापरलेल्या प्रतीची पट्टी बरीच खाली उतरली होती, म्हणजे ती प्रत चांगलीच आखूड होती. मधला तुकडा कापला गेला होता.

"नमुन्यात घाण आहे. परत कर."

"करते की," मब्रूका म्हणाली. "तेवीस वर्षांपूर्वीही तुम्ही घाणच म्हणालात. तीनदा आखूड आली. चौथ्यांदा सारखी आली आणि तुम्ही तीच छापलीत. त्या नळीत मूळ डीएनए मिसळला होता, मॅडम."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, नळ्या धुणारीने नळ्या धुवाव्यात."

रौदांनी फोटो उलटा ठेवला. पेन उघडलं.

"सतरावा काढ," त्या लस्सादला म्हणाल्या. "एक्केचाळीसही काही कमी नाहीत. लगेच सही देते."

लस्साद क्षणभर मब्रूकाकडे बघत राहिला. मग त्याने सतराव्या ओळीवर रेघ मारली, पट्टी लावून, अगदी सरळ.

"लवकर शिकलास हो, बाळा," मब्रूका म्हणाली, आणि नळ्या धुवायला गेली.