आडनावबंधू

"हात जरा मागे करा, सर," कपडेपटवाला म्हणाला आणि त्याने न्यायाधीशाचा काळा कोट धाकट्यांच्या अंगावर चढवला. बाह्या पार बोटांच्या खाली लोंबल्या.

"माप कुणाचं आहे हे?"

"तुमचंच की. महिन्यापूर्वी घेतलंय."

धाकट्यांचं माप महिन्यापूर्वी कुणी घेतलं नव्हतं. गेली दोन वर्षं कुणीच घेतलं नव्हतं. हा कोट थोरल्यांचा होता, म्हणजे भूमिकाही थोरल्यांचीच.

दोघांचं आडनाव एक, नातं काडीचं नाही. एक सिनेमातला नायक, दुसरा मालिकांमधला शेजारी, डॉक्टर, फार तर नायिकेचा मामा. घोटाळा नको म्हणून कुणीतरी थोरले-धाकटे म्हणायला लागलं आणि ते चिकटलं. खरं तर धाकटेच दोन वर्षांनी मोठे. पण या धंद्यात वय विचारतो कोण! तीस वर्षं थोरल्यांची पत्रं, हार, एकदा तर लग्नाची मागणीसुद्धा चुकून धाकट्यांच्या दारात आली होती. त्यांनी ती इमानेइतबारे पोचती केली. काम मात्र कधी चुकून आलं नव्हतं.

काल फोनवर निर्मात्याकडच्या बाईंनी नुसतं आडनाव घेऊन "सर, चाळीस भाग, मुख्य भूमिका, उद्या सकाळी सातला" म्हटलं, तेव्हा जास्त विचारायची त्यांची छाती झाली नाही. बायकोने तर सगळ्या इमारतीला सांगून टाकलं होतं. चाळीस भाग, आणि मुख्य भूमिका!

"बाह्या दुमडून टाके घालतो. कुणाला कळणारसुद्धा नाही," कपडेपटवाला म्हणाला.

कळणार कसं नाही? धाकटे बसले, उठले, पुन्हा बसले. आरशापासून दारापर्यंत तीन पावलं, परत तीन. आज चहाही कपबशीतून आला होता, तो तसाच गार झाला. गप्प बसावं झालं. एकदा चित्रण सुरू झालं की कोण कशाला बदलतंय? पण थोरलेच दारात येऊन उभे राहिले तर? सगळ्यांदेखत कोट उतरवून द्यायचा? शी!

कोट टाके घालायला बाहेर गेला, परत आला, अंगात चढला. कपडेपटवाला गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि थोरल्यांना फोन लावला.

"अहो, इथे जरा घोळ झालाय. मी तुमच्या खोलीत बसलोय. कोटही तुमचाच आहे."

"न्यायाधीश ना?" थोरले हसले. "बरोबर जागी बसलायस. मी नाही म्हटलं परवा. तुझं नाव मीच सुचवलं. म्हटलं, दारावरची आडनावाची पाटीसुद्धा बदलायला नको."

धाकट्यांनी आरशात पाहिलं. म्हणजे भूमिका आपलीच! हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"पण नाही का म्हटलंत? एवढी चांगली भूमिका..."

"वाक्यं राहत नाहीत रे डोक्यात. निकालाचं एक पान आठ दिवस घोकलं. ही समोर कागद धरून बसायची बिचारी. कुणाजवळ बोलू नकोस हं. सगळ्यांना पाठ दुखते म्हणून सांगितलंय."

"छे हो, मी कशाला बोलतोय."

"तू कर झकास. आणि निकाल वाचताना घाई करू नकोस. शिक्षा सांगण्याआधी मी जरा थांबणार होतो."

"थांबतो."

तेवढ्यात दारावर थाप पडली. साहाय्यक दिग्दर्शिकेने बाहेरून आडनावानेच खणखणीत हाक मारली आणि म्हणाली, "सर, चला! सगळे तुमच्यासाठी थांबलेत!"

"आलो, आलो!" फोनमधून थोरले म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दूर जाणारी पावलं.

धाकट्यांनी फोन बंद केला नाही. तसाच कोटाच्या खिशात ठेवला आणि ते दार उघडून निघाले.