काचेच्या कपाटातली बोलकी पाटी

मी एक जुनी पाटी आहे. खडूने लिहायची नव्हे, चित्रांची. माझ्या अंगावर मोठमोठे चौकोन आहेत आणि प्रत्येकात एक चित्र: पाणी, भूक, दुखतंय, हो, नाही, कंटाळा आला. ज्या मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, त्यांनी चित्रावर हात ठेवून मनातलं सांगायचं. मित्रांनो, मी बोलण्यासाठी जन्मले आणि आता मूग गिळून बसले आहे.

मला फिरत्या बाईंनी घडवलं. विशेष मुलांना शिकवणाऱ्या त्या एकट्याच आणि वाट्याला शाळा ढीगभर, म्हणून हे नाव. त्यांनी नवऱ्याकडून प्लायवूड कापून घेतलं, कडा घासल्या, चित्रं स्वतः रंगवली. हे सारं ठकीसाठी. ठकी हे तिच्या वडिलांनी लाडाने ठेवलेलं नाव. तिचे हात थरथरायचे, मान कलायची, पण पोरगी मोठी हुशार. पहिल्याच दिवशी गणिताच्या तासाला तिने ‘कंटाळा आला’वर मूठ आपटली. सगळा वर्ग खदखदून हसला.

"अगं, मलाही आलाय," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

शेजारी बसणाऱ्या मुलींना तेव्हा कुठे कळलं, की ठकीला थट्टाही करता येते. मग त्या मधल्या सुट्टीत मला मांडीवर घेऊन तिच्याशी गप्पा मारू लागल्या. मी खरकट्या हातांनी माखून जायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे एका प्रदर्शनात मला बक्षीस मिळालं आणि तिथेच घात झाला. "इतकी चांगली वस्तू पोरांच्या हातात? वाट लावतील," असं म्हणून मुख्याध्यापकांनी मला कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. फिरत्या बाई आल्या की मला बाहेर काढायच्या, जाताना परत ठेवायच्या. ठकीला दुसरी पाटी करून द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण तेवढ्यात त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणीच आलं नाही आणि कपाट बंदच राहिलं.

मग ठकीच्या तपासणीचा दिवस आला. तिला शाळेत ठेवायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. तपासणीला आलेल्या साहेबांना मुख्याध्यापकांनी कार्यालयात आधी मला दाखवलं.

"आमच्याकडे साधनंही आहेत, साहेब."

"छान," म्हणत साहेब ठकीकडे वळले. "बाळ, तहान लागली की काय मागशील?"

पाण्याचं चित्र माझ्या वरच्या कोपऱ्यात आहे, हे तिला पाठ होतं. तिने खुर्चीतून झुकून, बरोबर त्या कोपऱ्यासमोर, कपाटाच्या काचेवर मूठ आपटली. पुन्हा आपटली.

"मारकुटी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो साहेब," तिचे वडील काकुळतीला आले. "उत्तर देतेय ती. ती पाटी तेवढी बाहेर काढा ना."

"ती अजून बदलून गेलेल्या बाईंच्याच नावावर आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "काही मोडलं-बिडलं तर निस्तरायचं कोणी?"

ते वाईट नव्हते हो, घाबरट होते. ठकीने घरीच शिकावं असं ठरलं. घरी शिकवायला कोण जाणार, हे मात्र कोणी ठरवलं नाही.

काही महिन्यांनी वडील एकटेच आले. चेहरा पार उतरलेला.

"सारखी रडते. काय होतंय तेच कळत नाही. निदान पाटी तरी द्या."

"शाळेची मालमत्ता आहे. वरून परवानगी आणा," असं उत्तर मिळालं. ते पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी हात जोडून उलटं सांगते. माझ्यासारखीला जपू नका. रंग उडू द्या, कोपरे झिजू द्या, मोडले तर मोडू द्या. शिपाईमामा रोज काच पुसतात. माझ्यावर साधा ओरखडाही नाही, आणि तिकडे एका घरात एक मुलगी रडते आहे, का ते कोणालाच कळत नाही.