युगेटच्या चाकांचे नट

चाकं विकायचं रोझेरच्या अगदी जिवावर आलं होतं, पण ठेवून तरी काय लोणचं घालायचं होतं त्यांचं? त्याची बायको युगेट एप्रिलात गेली. तिची गाडी भाचीने नेली आणि भाचीच्या नवऱ्याने तिला नवी हिवाळी चाकं घेऊन दिली. मागे राहिली ती युगेटची जुनी चार, काळ्या लोखंडी रिमवर चढवलेली, शेडच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली. रोझेरच्या डबड्याला ती बसत नव्हती. बसली असती तरी उपयोग नव्हता म्हणा, कारण बर्फ पडायच्या आत त्याची गाडी ताडपत्रीच्या मांडवात शिरायची ती वसंतातच बाहेर यायची. बर्फात गाडी चालवायची ती युगेटनेच. तळ्याभोवतीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरोघर जाऊन इंजेक्शनं देण्यात तिचा जन्म गेला, आणि एकदाही ती खड्ड्यात गेली नाही.

किराणा दुकानाच्या फळ्यावर त्याने चिठ्ठी लावली. दोन आठवडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमच्या एबेरव्हीलची ही जुनी खोड आहे. आभाळ काळवंडल्याशिवाय इथे कुणाला टायर आठवत नाहीत, आणि मग सगळं गाव एकाच दिवशी गॅरेजपुढे उभं राहतं. त्या गुरुवारी सकाळी रेडिओवर बर्फाची बातमी लागली आणि रोझेरच्या भिंतीवरचा जुनाट फोन वाजला. दुपारी एक निळी गाडी अंगणात आली, युगेटची होती त्याच बनावटीची.

नवरा यानिक, काटकुळा, लाकडाच्या गिरणीतून उन्हाळ्यातच काढून टाकलेला. बायको कारीन, बोलायला फटकळ. मागच्या सीटवर त्यांची पाच वर्षांची ओफेली, लाल कोट घातलेली, एका डोळ्यावर पट्टी.

"दुकानात नव्यांची किंमत विचारली तर हा उलट्या पावली बाहेर आला," कारीन म्हणाली. "म्हटलं, चला, म्हाताऱ्यांच्या शेडी धुंडाळू."

"स्वस्त आहेत, पण टाकाऊ नाहीत हो," रोझेर म्हणाला.

यानिकने पंचवीस सेंटचं नाणं काढलं आणि त्यावरच्या रेनडिअरचं तोंड खाली करून टायरच्या खाचेत खुपसलं. "नाक बुडतंय गं! खाच खोल आहे अजून."

"चारही चाकांना बघ. तुझ्या आईच्या शब्दावर फ्रीज घेतलाय आपण एकदा."

चारही चाकांत नाक बुडलं. मग यानिकने टायरच्या अंगावरचं वर्ष वाचलं, हिवाळी टायरवर असते ती डोंगर आणि हिमकणाची खूण पाहिली, रबरात नख रुतवून पाहिलं. रोझेरला वाटत होतं, लवकर घ्या आणि जा बाबांनो. युगेटच्या वस्तू अशा कुणी चाचपलेल्या त्याला बघवत नव्हत्या.

"कुठवर जायचंय?" त्याने विचारलं.

"क्युबेकला. उद्या सकाळी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"पार्कचं जंगल ओलांडून? आज?"

"ही तारीख गेली तर पुढची फेब्रुवारीत," कारीन म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, तोवर डोळा राहील याची खात्री नाही."

रोझेरने आपणहून किंमत पाडली आणि म्हणाला, "इथेच चढव पोरा. गॅरेजपुढे उभा राहिलास तर उद्या उजाडेल."

यानिकला ते काम येत होतं, आमच्याकडे कुणाला येत नाही? जॅक लावला, उन्हाळी, चकचकीत ॲल्युमिनियमची चाकं उतरवली, त्यांचे नट भांड्यात ठेवले आणि तेच नट युगेटच्या चाकांना लावले. पान्यावर उभं राहून नाचून नाचून आवळले. रोझेरने स्वतः एकेक नट त्याच्या हातात दिला.

"शंभरेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळ बरं का."

"आवळतो बाबा."

गाडी अंगणात फिरवून पाहिली तेव्हा ओफेलीने काचेतून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, ही गुरगुरतेय!"

"हिवाळी टायर गुरगुरतातच, बाळ. नख्या असतात ना त्यांना. आवाज आला तरी घाबरायचं नाही. थोड्या वेळाने जातो." मग यानिककडे वळून म्हणाला, "तूही मनावर घेऊ नकोस. पहिल्या दिवशी हमखास वाजतात."

त्याने पोरीच्या हातात ताज्या चीजची पुडी दिली. गाडी वळणाआड गेली आणि बर्फाचे पहिले कण पडू लागले.

घरात जाऊन त्याने सूप गरम केलं, खाल्लं, भांडं विसळलं. मग शेडचं दार उघडं राहिल्याचं आठवलं म्हणून बाहेर आला. चाकं होती तो कोपरा आता रिकामा होता, आणि मागच्या खिळ्याला एक लोकरी मोजा लटकत होता. इतके महिने चाकांच्या चळतीआड तो दिसलाच नव्हता. युगेटने विणलेला मोजा, राखाडी, टाचेला लाल रफू. त्याने मोजा काढला तर तो हाताला जड लागला, आणि आत काहीतरी खणखणलं.

त्याने बाकावर मोजा उपडा केला. नट होते. खाली निमुळते होत गेलेले.

रोझेर तिथेच उभा राहिला. यानिकच्या हातात दिलेले नट त्याला स्पष्ट आठवले: सपाट बुडाचे, त्यात अडकवलेली चकती. आणि युगेटचा आवाजही आठवला. दर हेमंतात चाकं चढवताना ती एकच पाढा म्हणायची आणि हा फक्त हं हं करायचा. "लोखंडी चाकाला निमुळतेच नट लागतात, रोझेर. ते सपाट घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण बसलेले नसतात. गाडी पळाली की ढिले होतात."

अरे देवा! आणि आवाज आला तर घाबरू नका, असं कोण सांगत होतं?

तो धावत घरात गेला. फोन करायचा कुणाला? त्या भिंतीवरच्या फोनला नंबर दिसायची सोय नव्हती. आडनाव विचारलं नव्हतं. पोलिसांना लावला.

"गाडीचा नंबर, बाबा?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"नाही माहीत. निळी आहे. मागे लहान मुलगी आहे, डोळ्याला पट्टी."

"पार्कच्या रस्त्यावर आत्ताच दोन गाड्या उलटल्यात. आमची माणसं तिकडे गुंतलीत. निरोप देते, पण शब्द नाही देत."

शेजारी नॉर्मांकडे गाडी मागायला गेला तर त्याची बायको दारातूनच म्हणाली, "तो गॅरेजच्या रांगेत आहे, सगळ्या गावासारखा. वरातीमागून घोडं!"

तेव्हा रोझेरने ताडपत्री ओढून काढली. आपली गाडी उन्हाळी टायरवर उभी आहे हे काय त्याला ठाऊक नव्हतं? अशा दिवसांत त्या टायरवर रस्त्यावर येणं गुन्हा आहे, आणि गुन्ह्याहून वाईट म्हणजे मूर्खपणा. त्याने मोजा कोटाच्या आतल्या खिशात कोंबला आणि निघाला. तसंच बसून राहिला असता तर तो रोझेर कसला!

गावातल्या रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं तोवर ठीक होतं. चढ लागला आणि गाडीचं मागचं अंग लचकू लागलं. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्याने बोलू लागला. "सावकाश, सावकाश. युगेट, तू सांग गं काय करू ते." चार वाजायचे होते तरी उजेड विझत आला होता. समोरून येणारे लाकडाचे ट्रक बर्फाचा लोट अंगावर फेकून जात होते, आणि मग क्षणभर रस्ताच नाहीसा व्हायचा.

पार्कच्या तोंडावर शेवटचा पेट्रोल पंप आहे. रोझेर आत शिरला तेव्हा गल्ल्यावरची लिझ खिडकीतून त्याची गाडीच बघत होती.

"रोझेर! तू? या टायरवर? चळलास की काय?"

"निळी गाडी आली होती? लहान मुलगी?"

"हो की. पोरीला ओकारी झाली, बराच वेळ होते इथे. आत्ता पाच-दहा मिनिटांखाली गेले."

"नट आवळले त्याने?"

"छे. पुढून ठकठक येतंय म्हणाला खरं. मी म्हटलं, चाकात बर्फ भरला असेल, पुढे गेलास की उडून जाईल. तोही म्हणाला, ज्यांच्याकडून चाकं घेतली त्या बाबांनी सांगितलंच होतं, आवाज येतो म्हणून."

चाकात बर्फ भरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तेच असतं.

"लिझ, पोलिसांना पुन्हा फोन कर. सांग, निळ्या गाडीचं चाक निखळणार आहे."

"आणि तू कुठे निघालास? रोझेर! अरे थांब!"

पार्कमध्ये मोबाइल चालत नाही, घर नाही, दिवा नाही. दोन्ही अंगांना काळी सूचिपर्णी झाडं आणि मधे पांढरा रस्ता. ताज्या बर्फावर त्याच्या बाजूला एकाच गाडीच्या चाकांचे ठसे होते. रोझेर त्यांच्यावर डोळे लावून चालला होता. सुरुवातीला ते ठसे दोरी धरून ओढल्यासारखे सरळ होते. पुढे डाव्या बाजूचा ठसा हलल्यासारखा दिसू लागला. मग तो चक्क नागमोडी झाला.

"थांब रे पोरा," तो ओरडत होता. "थांब, हात जोडतो, गाडी थांबव!" खाली पार्कातल्या तळ्यापर्यंत उतरत जाणारा मोठा उतार पुढेच होता. तिथे चाक गेलं तर गाडी थेट पाण्यात. त्याने वेग वाढवला. वाढवायला नको होता, पण वाढवला.

उतार सुरू झाला, वळण आलं, आणि वळणापलीकडे लाल दिवे उघडमीट करताना दिसले.

थांबले होते! निळी गाडी कडेला उभी होती, डावं पुढचं चाक तिरकं झालेलं, यानिक त्याच्यापुढे उकिडवा बसलेला. थोडं अलीकडे कारीन उभी, कडेवर ओफेली, लाल कोटात. रोझेरच्या जिवात जीव आला. त्याने ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. पायाखाली पेडल नुसतं थरथरलं आणि गाडी आवाज न करता, घसरगुंडीवरून निघावी तशी, खाली निघाली. त्याने स्टिअरिंग वळवलं, गाडीने दखल घेतली नाही. कारीनने मान वळवली. मागे झाडं, पुढे गाडी, तिला हलायला जागाच नव्हती. तिने पोरीला छातीशी आवळलं आणि डोळे मिटले.

रोझेरची नजर त्या लाल कोटावर खिळली होती आणि गाडी त्या लाल कोटाकडेच चालली होती.

"बघशील तिकडे जाशील." लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात युगेट त्याला शिकवायला बसली होती, तेव्हाचं तिचं हे वाक्य. "घसरलास की ब्रेक सोड, आणि जिथे जायचंय तिकडे बघ. ज्याला भितोस त्याच्याकडे बघू नकोस."

पोरीवरून नजर काढायची? आयुष्यात इतकं अवघड काही त्याने केलं नव्हतं. त्याने नजर काढली. रस्त्यापलीकडच्या काळ्या झाडांकडे बघितलं, ब्रेकवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग तिकडे दिलं. चाकांनी कुठेतरी पकड घेतली. कारीनच्या पुढून, हातभर अंतरावरून, गाडी रस्ता सोडून चरात गेली, एका अंगावर कलंडली आणि झाडावर आदळली.

शुद्धीवर आला तेव्हा काच फुटली होती आणि यानिक डोकं आत घालून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे चर्चमधली एकूण एक पवित्र भांडी शिव्यांत काढत होता. "उन्हाळी टायर! अरे, उन्हाळी टायरवर पार्कात येतोस? आमचा मुडदा पाडला असतास की रे, हरामखोर म्हाताऱ्या..." आणि मग त्याने तोंड ओळखलं. "बाबा? तुम्ही?"

रोझेरचा खांदा निखळला होता. चांगल्या हाताने त्याने कोटात चाचपलं आणि मोजा बाहेर काढला.

"तुझे ते नट चुकीचे आहेत. हे लाव. मी द्यायचे विसरलो."

यानिकने मोज्यात हात घातला, एक नट बाहेर काढून त्याचं निमुळतं बूड पाहिलं. मग वळून वर रस्त्यावर आपल्या तिरक्या चाकाकडे पाहिलं, पुढे तळ्याकडे उतरणाऱ्या उताराकडे पाहिलं.

"आम्ही थांबणार नव्हतो, बाबा," तो हळू म्हणाला. "पोरीने चीज खाली सांडलं आणि भोकाड पसरलं, म्हणून थांबलो. नाहीतर तुम्ही सांगितलंच होतं ना..."

पुढचं रोझेरला ऐकायचं नव्हतं.

कारीन पोरीला घेऊन चरात उतरली. तिने आपला कोट काढून रोझेरच्या अंगावर टाकला, शाल त्याच्या मानेखाली दिली, आणि यानिक नट लावायला वर गेला. वरून पान्याचा आवाज येऊ लागला. ओफेली फुटक्या काचेतून एका डोळ्याने रोझेरकडे बघत होती.

"आजोबा, तो आवाज जाईल म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो."

"गेला नाही. मोठा मोठा होत गेला."

रोझेरने तिचा थंडगार हात आपल्या हातात घेतला. "मला माहीत नव्हतं गं, बाळ," तो म्हणाला. "माहीत नसताना बोललो." आणि त्या म्हाताऱ्याला जे रडू युगेट गेली तेव्हाही फुटलं नव्हतं, ते फुटलं.