सत्तेचाळीस ‘बघू’

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. माझा एक कोपरा पार झिजला आहे आणि दुसऱ्यावर दातांच्या खुणा आहेत. त्या माझ्या मालकीणबाईंच्या. काळजीत असल्या की त्या मला चावत.

माझा जन्म कारखान्यातला. रबराच्या लांबलचक पट्टीतून मला कापलं, अंगावर निळा कागद चढवला आणि मी एका दुकानाच्या बरणीत येऊन पडलो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर लोकांची मतं गोळा करणारं कार्यालय होतं. तिथे घरोघर फिरून फॉर्म भरणाऱ्या बाईंनी मला विकत घेतलं. फॉर्म पेन्सिलनेच भरायचे, हा साहेबांचा नियम. दारात उभं राहून लिहिताना चुका होतात, म्हणून. मलाही तो नियम मोठा शहाणपणाचा वाटला. वय चुकलं, घर क्रमांक चुकला, की बाई मला बाहेर काढत आणि मी ती चूक हलक्या हाताने पुसून टाकत असे. साहेब एकदा म्हणालेसुद्धा, “बाई, तुमच्या फॉर्मवर एक डाग नसतो बघा.” त्या दिवशी माझी मान ताठ झाली, म्हणजे मला मान असती तर झाली असती.

त्या वर्षी निवडणूक अवेळी आली. सरकार अल्पमतातलं होतं. एका छोट्या पक्षाच्या बाहेरून पाठिंब्यावर ते कसंबसं तगून होतं. पक्ष रुसला, पाठिंबा गेला, सरकार कोसळलं. मग कालपर्यंत एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष मांडीला मांडी लावून बसले आणि दोन आघाड्या उभ्या राहिल्या. छोट्या पक्षाचं मात्र तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आमच्या पाहणीत जी आघाडी पुढे दिसेल तिकडे तो जाणार, असं कार्यालयात सगळे उघड बोलत होते.

बाई एकशेवीस घरी गेल्या. गल्लीतल्या शिंप्याने तोंडातली सुई काढून सांगितलं, “बघू. मागच्या वेळी ज्याला मत दिलं, तो भलत्याच्याच गोटात जाऊन बसला. आता शेवटच्या दिवशीच बघू.” यादीत बाईंचं स्वतःचं घरही निघालं. बाईंनी रीतसर पेन्सिल सरसावून सासूबाईंना विचारलं, “कोणत्या आघाडीला मत देणार?” सासूबाई म्हणाल्या, “आधी चपला बाहेर काढ. मग बघू.” असे एकशेवीसमध्ये सत्तेचाळीस जण या ना त्या तऱ्हेने ‘बघू’च म्हणाले. बाईंनी सगळ्यांपुढे ‘नक्की नाही’च्या चौकोनात खूण केली आणि तिथेच ज्याचे त्याचे शब्द लिहिले.

शनिवारी दुपारी चार वाजता साहेबांनी त्या सत्तेचाळीस फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटला. पाच वाजता आकडे वर्तमानपत्राला द्यायचे होते.

“बाई, बघू हे काय उत्तर झालं?”

“लोक तसंच म्हणाले, साहेब.”

“अहो, आमच्या घरी बघू म्हणजे हो.”

“आमच्या घरी बघू म्हणजे नाही.”

साहेब हसले नाहीत. “कोणालाच बहुमत नाही, ही बातमी कोणाला हवीय? हे सत्तेचाळीस पहिल्या आघाडीत टाका. सोमवारी तुमच्या कायमच्या नोकरीचा कागद सहीला जाणार आहे, विसरू नका.”

घरात नवरा आजारी होता. दोन वर्षं बाई त्या कागदाची वाट पाहत होत्या. त्यांनी मला उचललं.

पहिला फॉर्म शिंप्याचा. मी पुसलं. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. दुसरा पुसला, तिसरा पुसला, आणि प्रत्येक वेळी पेन्सिलने पहिल्या आघाडीसमोर खूण केली. आयुष्यभर मी चुका पुसल्या होत्या. ह्या चुका नव्हत्या, आणि मला माझीच लाज वाटत होती. अकरा झाले. साडेचार वाजले. बारावा फॉर्म सासूबाईंचा निघाला.

बाई थांबल्या. त्यांनी मला दातांत धरलं, मग खाली ठेवलं.

“साहेब, पंचवीस वर्षं या माझ्या सासूबाईंच्या हाताखाली संसार केलाय मी. त्या कोणाला मत देतात, ते मला अजून कळलं नाही. तुम्हाला या खोलीत बसून कसं कळलं?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “करताय की नाही?”

बाईंनी अकरा फॉर्म परत ओढले, नव्या खुणा माझ्याकडूनच पुसून घेतल्या आणि पर्समधून पेन काढलं. कोणाचं काय बोलणं होतं ते आठवून, एकेकाची जुनी खूण आणि जुने शब्द शाईने परत लिहिले. दहा झाले. अकराव्या घरातला माणूस त्यांना काही केल्या आठवेना. ‘बघू’ म्हणाला होता, की मान हलवली होती, की दुसरंच काही बोलला होता? मी तिथे इतकं स्वच्छ काम केलं होतं की कागदावर रेघही उरली नव्हती. बाईंनी त्या चौकोनात लिहिलं, ‘उत्तर पुसलं गेलं आहे.’

साहेबांनी बाईंचा गठ्ठा बाजूला सारला आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनी आणलेल्या फॉर्मवरून आकडे कळवून टाकले. रविवारी पहिल्या आघाडीला स्पष्ट बहुमत छापून आलं, संध्याकाळपर्यंत छोटा पक्ष तिच्यात सामील झाला. निकाल लागला तेव्हा बहुमत कोणालाच नव्हतं. पुन्हा एक अल्पमतातलं सरकार, पुन्हा पाठिंब्यासाठी धावाधाव. साहेबांना कोणी जाब विचारला नाही. बाईंचा कागद मात्र सहीला गेलाच नाही.

आता मी बाईंच्या घरी शिवणाच्या डब्यात असतो. मी कडक झालो आहे, पुसायला गेलो तर काळे फराटे उठतात, म्हणून मला कोणी हात लावत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या अकराव्या माणसाचं. दारात उभा राहून तो काहीतरी बोलला होता, आणि ते आता कोणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्या भावंडांना हातात घ्याल तेव्हा एवढं करा. हे लिहिलेलं कोणाचं आहे, ते आधी विचारा. तुमचं असेल तर खुशाल पुसा, हवं तितक्या वेळा पुसा. दुसऱ्याचं असेल तर आम्हाला खाली ठेवा, कारण आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.