एका घरात दोन पायाळू

"सीते, सासरी हे कोणाले सांगजो नोको. नवऱ्यालेही नाई."

एकतीस वर्षांमागे, ओल्या हळदीच्या अंगानं बसलेल्या सीताबाईच्या कानाशी तिची आई हे बोलली होती. लपवायचं होतं ते एवढंच, की सीता जन्मली तेव्हा आधी पाय बाहेर आले आणि डोकं मागून. पायाळू पोरीला लोक गुप्तधन हुडकायला रानोमाळ फिरवतात, आभाळ गडगडलं की वीज तिचाच पत्ता विचारत येते, अशा सतरा भीती आईनं पदराला बांधून ठेवलेल्या. सीतानं मान हलवली आणि शेलूबाजारच्या शिवारात, पंजाबरावाच्या भाजीच्या मळ्यात नांदायला आली. येऊन पाहते तर नवराच पायाळू, आणि तोही पंचक्रोशीत गाजलेला.

कुणाच्या कमरेत उसण भरली की माणूस वाकडातिकडा होत त्याच्याच दारात येई. त्यानं पालथं पडायचं, पंजाबरावानं उजवा पाय त्याच्या कमरेला तीनदा हळूच लावायचा. माणूस सरळ होऊन जाई, आणि पंजाबराव बाजेवर असा बसे, जसा काही गावाला पाऊस त्यानंच पाडला. एवढ्या मानाच्या पायापुढं आपला पाय कुठं काढायचा? सीताबाई गप्प राहिली, ती राहिलीच.

परवा सकाळी बाबूसिंग आला. भाच्याच्या लग्नाला निघालेला, अंगात कोरा पांढरा सदरा, कमरेत उसण.

"पड पालथा," पंजाबराव म्हणाला.

"सदरा मयते ना भाऊ. उभ्यानंच लावून द्या."

साठीला टेकलेल्या पंजाबरावानं उजवा पाय उचलून पार बाबूसिंगाच्या कमरेपर्यंत नेला. डाव्या पायाखाली पालकाची ओली पानं होती. पाय सटकला, घोटा आत मुडपला, 'कट' असा आवाज आला. त्याला धरायला बाबूसिंग झटकन वाकला आणि त्याची उसण जागीच निघाली.

"निघाली भाऊ. लयी उपकार झाले," म्हणत त्यानं पंजाबरावाला बाजेवर टेकवलं आणि तो लग्नाला गेला.

दुपारपर्यंत घोटा टरारून फुगला. सीताबाईनं दोन उशा रचून पाय उंचावर ठेवला. रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी लावणारा रज्जाक बर्फ घेऊन आला, तो तिनं पंच्यात गुंडाळून घोट्याला धरला. धरता धरता तिच्या ओठांवर आपोआप आलं,

घोटा सुजला सुजला, जसा वेलीचा भोपळा,
धनी बसले रुसून, शब्द निघेना मोकळा.

"गानं म्हनून राह्यली," पंजाबराव करवादला. "इथं माहा जीव चालला."

पुतणी तनुजा वाशिमला नर्सिंग शिकते. तिनं व्हिडिओ कॉलवर घोटा पाहिला. "काका, त्या पायावर चार पावलं चालता येते का?"

"चार काय, चाळीस चालतो." तो उठला, पहिल्याच पावलाला पांढराफटक पडला आणि खाली बसला.

"मंग चोळू नका, शेकू नका. आजच दवाखान्यात जाऊन फोटो काढा पायाचा. हाड मोडलं असन आन कोनं दाबलं, तं सरकन."

फोन बंद झाल्याबरोबर पंजाबराव म्हणाला, "दवाखान्यात मी? साऱ्या तालुक्याच्या उसणी काढल्या म्या. रांगेत बसलेला दिसलो तं लोक काय म्हनतीन? पायाळूले पायाळूच लागते. दुसरा हुडका."

"जऊळक्याचा मदनसिंग है ना," रज्जाक म्हणाला. "पहले टेशनवर पोते उठवे. एक नंबर पायाळू." आणि सीताबाई नको म्हणेपर्यंत त्यानं फोन लावलाही.

चारच्या जीपनं मदनसिंग आला. दारात त्यानं जोडा काढला आणि सीताबाईची नजर त्याच्या पायावर गेली. पाय कसला, उखळच. तिनं घोट्याकडं पाहिलं. तो आता जांभळा पडला होता, पिकल्या वांग्यासारखा. बोलावं तर एकतीस वर्षांचं मौन मोडतं. न बोलावं तर हाड.

मदनसिंगानं तांब्याभर पाण्यानं पाय धुतला. "किती जोरानं देऊ भाऊ?"

"हात राखू नोको," पंजाबराव डोळे गच्च मिटून म्हणाला.

उखळ वर गेलं.

"मदनभाऊ, पाय खाली घ्या," सीताबाई म्हणाली.

"काहून वहिनी?"

"पायाळूचा पाय उसणीले असते. सुजलेल्या हाडाले नसते."

पंजाबरावानं एक डोळा उघडला. "तुले काय समजते वो पायाळूतलं?"

"मी पायाळू आहो."

मदनसिंग आपला पाय हवेतल्या हवेत विसरला.

"तुमाले पायाळूचंच ऐकाचं होतं ना? मंग ऐका. रज्जाकभाऊ, जीपवाल्याले थांबवा. मदनभाऊ, एवढे पोते उचलले तुमी, हे एक उचला."

पंजाबराव पोत्यासारखा उचलला गेला.

फोटोत हाडाला बारीक चीर दिसली. "सरकलं नाही हे नशीब," डॉक्टर म्हणाले. "यावर एक लाथ बसली असती, तर ऑपरेशनच करावं लागलं असतं." मदनसिंग बाकाखाली पाय ओढून घेत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

प्लॅस्टर सुकेपर्यंत दोघं नवराबायको शेजारी शेजारी बसली. सगळी रांग पंजाबरावाकडं पाहत होती, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"एकतीस वर्षं," तो शेवटी म्हणाला. "एका ताटात जेवलो आपन. काहून नाई सांगतलं?"

"माय नाई म्हने."

"मायले जाऊन वीस वर्षं झाली."

सीताबाईनं त्याच्या ओल्या प्लॅस्टरवरची एक माशी हाकलली. मग दुसरी, जी नव्हतीच.

"पाय लावून झाला का तुमी बाजेवर असे बसा, जसे काई राजे," ती म्हणाली. "थे पाहाले मी चुलीपासून उठून दारात येत होती. दर खेपी. मी सांगतलं असतं तं तुमी तसे बसले नसते."